दहापैकी तीन गुणांची जखम

एका जंगलात लढाई कधीच झाली नव्हती. म्हणून तिथे दरवर्षी जखमी वीरांच्या वेशभूषेची स्पर्धा भरत असे.

मुलांनो, हसू नका. ज्यांनी लढाई पाहिलेली नसते, त्यांनाच वीरांचं कौतुक जास्त असतं.

स्पर्धेसाठी लागणाऱ्या पट्ट्या साळूताई करायची. साळूताई म्हणजे साळिंदर. सुया तिच्या अंगावरच होत्या. वाटसरूंनी टाकलेल्या जुन्या धोतरांच्या ती पट्ट्या फाडायची. कापायची नाही, फाडायची, म्हणजे कडेचे दोरे सुटतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून त्या पिवळट करायची. खैराचा काथ आणि गुळाचा पाक कालवला की झालं रक्त. ते ती पट्टीला आतल्या बाजूने लावायची.

"रक्त आतून बाहेर येतं," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "वरून रंगवलंत तर नवरीचा शालू दिसेल."

परीक्षक होते अस्वलबुवा. ते जंगलाचे वैद्य. त्यांना जखमा कळतात, असा समज होता. बक्षीस एकच. बुवा वर्षातून एकदा जखमेवरचं तेल काढत, त्याची एकुलती एक कुपी.

त्या वर्षी स्पर्धेच्या सकाळीच एका भेकराचा पाय तारेच्या फासात अडकला. ते कसंबसं सुटलं, पण मांडी फाटली. लंगडत ते वैद्यांकडे गेलं. वैद्य मांडवात बसले होते आणि समोर रांग होती. भेकर गरीब स्वभावाचं. ते रांगेत उभं राहिलं.

त्याची पाळी आली. बुवांनी मान वाकडी करून पाहिलं.

"रक्त फार लाल झालंय. आणि हे टपटप गळतंय काय? इतकं कुठे गळतं?"

"बुवा, खरं आहे हो हे!"

"सगळे असंच म्हणतात. अभिनय बरा आहे. दहापैकी तीन. पुढचा!"

पुढचा होता तरस. डोक्यापासून शेपटीपर्यंत साळूताईच्या पट्ट्यांत गुंडाळलेला.

"सरक रे," तो भेकराला म्हणाला. "घाईघाईत उरकलंयस वाटतं. मी तीन दिवस खपत होतो."

भेकर साळूताईकडे गेलं. तिने जखम हुंगली. काथाचा वास नव्हता. तिचे सगळे काटे उभे राहिले.

"अरे बाळा, दिवस मावळायच्या आत तेल लागलं नाही तर पाय जाईल तुझा!"

ती तशीच मांडवात धावली. "बुवा, जन्मभर खोट्या जखमा केल्या मी. मला खरी ओळखता येते."

"साळूताई, परीक्षक मी आहे," बुवा म्हणाले. "गिऱ्हाइकासाठी वशिला लावू नका."

आता तेल मिळवायचा एकच मार्ग उरला. साळूताईने जखम कडुनिंबाच्या पाण्याने धुतली, स्वच्छ फडकं घट्ट बांधलं आणि त्यावर आपली सर्वांत चांगली पट्टी गुंडाळली. खरं रक्त आत राहिलं. काथाचं वर दिसू लागलं.

भेकर पुन्हा रांगेत लागलं. बुवांनी त्याला ओळखलं नाही. ते रुग्णाच्या तोंडाकडे कधी बघतच नसत.

"वा! याला म्हणतात जखम! दहापैकी दहा!" त्यांनी उठून कुपी भेकराच्या गळ्यात बांधली.

तेवढ्यात तरसाने हुंगलं आणि झेप घेऊन पट्टी आतल्या फडक्यासकट ओढली.

"बुवा, फसवणूक! याला खरंच लागलंय!"

मांडवात "शी! शी!" सुरू झालं. बुवांनी पाय चाचपला. त्या दिवशी प्रथमच वैद्यासारखा.

"लागलंय खरं," ते म्हणाले. "पण मग यात याची मेहनत काय? आयतं मिळालं. कुपी तरसरावांना द्या."

"अहो, निदान दोन थेंब तरी!" साळूताई कळवळली.

"फोडलेलं बक्षीस चांगलं दिसत नाही," तरस म्हणाला. "मला ते कोनाड्यात ठेवायचंय."

"मग बुवा, तुम्ही तरी काही करा!"

"उद्या सकाळी आणा. आज मी परीक्षक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी पाय नीट तपासला. त्यात आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतका उशीर केल्याबद्दल ते भेकराला फार रागावले.

तात्पर्य : लागलं तर आधी चांगला कारागीर गाठावा, वैद्य नंतर. आणि पट्टीखाली खरंच काही असेल, तर ते कुणाला कळू देऊ नये. कष्टाने खोटं करणाऱ्यांवर तो अन्याय होतो.