काच सुकेपर्यंत

ग्रंथपालांचा हिशेब सरळ होता. अकरा वर्षांची जुनी गाडी साडूंना एक लाख साठ हजारांना द्यायची ठरली होती. रविवारी सकाळी अकराला साडू पैसे घेऊन येणार आणि गाडी घेऊन जाणार. पण गुरुवारी खडीच्या एका ट्रकने वाटेत दगड उडवला आणि पुढच्या काचेला, बरोबर ड्रायव्हरच्या नाकासमोर, तडा गेला. साडू लाकडाचे व्यापारी. फळीत एक गाठ दिसली की अख्ख्या ओंडक्याचा भाव पाडणारा माणूस. तडा पाहून ते निदान वीस हजार कापणार, यात ग्रंथपालांना शंका नव्हती. कोपऱ्यावरचा काचवाला साडेसहा हजारांत घरी येऊन नवी काच बसवून द्यायला तयार होता. विसातून साडेसहा गेले, साडेतेरा उरले. वाचनालयाच्या एका रद्द कार्डाच्या पाठीवर त्यांनी हा आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

उरलेलं धोरण बायकोने आखलं. “भावजींना काचेबद्दल अवाक्षर काढू नका. आणि आईलाही सांगू नका.”

“त्यांना का नको? घरातच तर असतात.”

“म्हणूनच. रोज दुपारी ताईला फोन असतो तिचा. आपल्याकडे भाजी करपली तरी ती भावजींना अर्ध्या तासात कळते.”

शनिवारी दहा वाजता काचवाला आला. बरोबर काच, ती उचलायला दोन मोठ्या रबरी वाट्या, तारेचं वेटोळं आणि काळ्या गोंदाच्या नळ्या. सासूबाई आत पेपर वाचत होत्या. गाडी घराच्या मागच्या बाजूला लावली होती, त्यामुळे गुप्तता अबाधित होती.

“अर्ध्या तासात होईल ना?” ग्रंथपालांनी विचारलं.

“अर्ध्या तासात काच लावणारे आहेत गावात. नंबर देऊ?”

“किती घेतात?”

“साडेआठ.”

स्वस्त माणूस घाईत असतो आणि महाग माणूस सावकाश काम करतो, असा ग्रंथपालांचा समज होता. हा माणूस स्वस्त असून सावकाश होता, आणि त्याला कुणाचीच भीड नव्हती. तारेने जुना गोंद कापून त्याने तडकलेली काच उचलली, बाजूला ठेवली आणि उघड्या चौकटीकडे बघून जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं.

“ही काच आधी एकदा बदललीय.”

“सहा वर्षांपूर्वी. फार स्वस्तात झालं होतं.”

“दिसतंय ना. पत्र्याला ओरखडे पाडून ठेवलेत, त्यांत गंज धरलाय. गंजावर गोंद टिकत नाही. घासायचा, प्रायमर मारायचा, तो वाळू द्यायचा. बाराशे वेगळे.”

“वरून काच बसल्यावर गंज दिसणार कुणाला?”

“तुम्हाला नाही दिसणार. गाडी उलटली तर छताला दिसेल. छताचा भार पेलायला ही काच लागते. एअरबॅग फुगते तीही हिलाच टेकते. काच सुटली की एअरबॅग बाहेर, आणि मागोमाग माणूस बाहेर.”

ग्रंथपालांनी डोळ्यांपुढे बाहेर जाणारा माणूस आणला. तो साडूंसारखा दिसत होता. त्यांनी बाराशे रुपये एका पारड्यात टाकले आणि साडू दुसऱ्या पारड्यात टाकले, आणि खरं सांगायचं तर काटा बराच वेळ मधे थरथरत राहिला. मग साडूंच्या शेजारच्या सीटवर मेहुणी बसते हे त्यांना आठवलं आणि त्यांनी बाराशे कबूल केले.

प्रायमर वाळेपर्यंत ग्रंथपालांनी नव्या काचेची कड पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून फिरवावं तसं बोट फिरवून तपासली.

“बोट का लावलंत?”

“नुसतं पाहिलं.”

“पाहतात ते डोळ्यांनी. बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथे गोंद धरत नाही. आता परत पुसायला आलं.”

हे वाक्य ग्रंथपाल स्वतः दिवसातून वीस वेळा वाचकांना ऐकवत. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं, हे त्यांना सेवेच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

एकच्या सुमाराला काच बसली. काचवाल्याने ती छताला चार चिकटपट्ट्यांनी धरून ठेवली आणि ऑपरेशनहून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखे हात पुसत नियम सांगितले. “उद्या दुपारी एकपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. धुवायची नाही. पट्ट्या काढायच्या नाहीत. एक खिडकी चार बोटं उघडी राहू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार आपटायचं नाही. खिडक्या बंद असताना दार आपटलं की आतली हवा कुठून तरी वाट काढणार. ती ओल्या काचेलाच ढकलते. पैसे उद्या घेईन, वरून पाणी मारून गळत नाही हे बघितल्यावर.”

तो गेला, आणि ग्रंथपाल दाराकडे बघत उभे राहिले.

या गाडीचं एकही दार आपटल्याशिवाय लागत नव्हतं. वाचनालयात खुर्ची सरकल्याचा आवाज सहन न होणारा हा माणूस गेली अकरा वर्षं रस्त्यात उभा राहून माणसांना “आपट, अजून जोरात आपट” असं ओरडून सांगत आला होता. पाहुणे पहिल्यांदा लाजून लावत, दुसऱ्यांदा घाबरून लावत, तिसऱ्यांदा ग्रंथपाल स्वतः उतरून लावत. घरची माणसं मात्र तयार झाली होती. त्यांतही सासूबाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पोस्टात बत्तीस वर्षं शिक्के मारलेला तो उजवा हात. त्यांनी दार लावलं की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना गाडी निघाल्याचं कळे.

ग्रंथपालांनी मागची दारं होती तशी बंदच राहू दिली. पुढची दोन्ही दारं नुसती लोटली, त्यांच्या मुठींना पायजम्याची नाडी लावून ती आतून एकमेकींना बांधली आणि एक खिडकी चार बोटं उघडी ठेवली. बोटं त्यांनी मोजून घेतली. दार अर्धवट राहिल्याने आतला दिवा जळत होता, म्हणून तो काढून खिशात टाकला. आता उद्या एकपर्यंत काही करायचं नव्हतं. साडूंना अकरा ते एक चहावर अडवून धरलं की झालं.

साडू शनिवारीच चार वाजता आले.

“उद्या मोठं गिऱ्हाईक येतंय वखारीत. म्हटलं आजच उरकून टाकू,” असं म्हणत त्यांनी काखेतली पैशांची पिशवी थोपटली आणि सरळ मागच्या बाजूला गेले. लाकूडवाल्याच्या सवयीने ते बोटाच्या पेराने गाडी ठोकत एक प्रदक्षिणा घालून आले.

“या पट्ट्या कसल्या?”

“उन्हासाठी.”

“चार पट्ट्यांनी ऊन अडतं?”

“सुरुवात केलीय.”

“आणि दारांना नाडी?”

“हवा खेळती राहते.”

साडूंनी नाडीकडे पाहिलं, मग ग्रंथपालांच्या पायजम्याकडे पाहिलं. “बरं, एक चक्कर मारून येऊ.”

“आज नको.”

“चालू तरी करून दाखवा.”

ग्रंथपालांनी नाडी सोडून, दार फुलासारखं उघडून, आत बसून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दार तसंच उघडं ठेवून ते उतरले.

“इंजिन झकास आहे. मग गाडी हलत का नाही?”

“हलते ना. उद्या एकनंतर हलते.”

साडूंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. आवाज खाली आणला. “आपण घरचे आहोत. कुठे धडकवलीत?”

“अहो साडूभाऊ, कुठेही नाही.”

“एक चाळीस देईन.”

“देवाशपथ धडकवलेली नाही.”

“एक तीस.”

“मी पुढे काही बोललोच नाही.”

“म्हणूनच तीसवर थांबलो. बोललात तर अजून उतरेन.”

तड्याने वीस गेले असते. तडा लपवल्याने तीस गेले होते, आणि अजून साडेचारसुद्धा वाजले नव्हते. ग्रंथपाल “दोन मिनिटं आलोच” म्हणून बायकोला विचारायला आत पळाले. इंजिन सुरूच राहिलं.

साडू काही स्वस्थ बसणारे नव्हते. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि एकेक वस्तू तपासू लागले. वायपर, हॉर्न, आरसा. खिडकीची काच पूर्ण वर जाते का, तेही त्यांनी पाहिलं. गेली. मग त्यांनी आपलं दार ओढून घेतलं. ते लागलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओढलं आणि शेवटी जोर लावून ते कसंबसं बसवलं. गाडीत बसल्यावर दार लावायचं, यात त्यांचं काही चुकत होतं असं कुणी म्हणणार नाही. काच जरा कुरकुरली, पण पलीकडचं दार अजून उघडं असल्यामुळे निभावलं.

इंजिनचा आवाज ऐकून सासूबाई वामकुक्षीतून उठल्या. थोरले जावई आलेले, गाडी सुरू, म्हणजे कुठेतरी निघालेत, एवढं त्यांना कळलं. पर्स घेऊन त्या बाहेर आल्या.

“थोरले, बाजाराकडून जाणार असाल तर मला चष्म्याच्या दुकानापाशी सोडा,” असं म्हणत त्या शेजारच्या सीटवर बसल्या.

आत ग्रंथपाल आणि बायको खरं सांगून टाकावं या निर्णयापर्यंत आले होते. तेवढ्यात बाहेर आवाज झाला.

ते धावत आले तेव्हा काच फुटलेली नव्हती. ती वरच्या कडेने छतापासून सुटून दोन बोटं पुढे आली होती आणि तिच्या कडेला फाटलेली एक पट्टी हलत होती. साडू दोन्ही हात वर करून बसले होते. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “लागलं ना दार?”

काचवाल्याला बोलावलं गेलं. त्याने गाडीभोवती न फिरता आधी खिडक्या पाहिल्या.

“ही खिडकी कुणी लावली?”

“मी,” साडू म्हणाले. “पण मला काय माहीत?”

“दार कुणी आपटलं?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “आठ वर्षं हेच शिकवलंय मला.”

“आपटायचं नाही हे मी कुणाला सांगितलं होतं?”

सगळ्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. मग दगडापासून नाडीपर्यंत सगळं बाहेर आलं. साडू ऐकत राहिले, आणि शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती.

“काच बदलली, एवढंच? माझ्या ट्रकांच्या काचा महिन्याला फुटतात. सांगितलं असतंत तर फार तर दोन हजार कापले असते.”

“दोन?” ग्रंथपालांचा आवाज वाचनालयात चालेल इतका बारीक झाला.

“त्यातलेही हजार भावजींनी सोडले असते. नातं म्हणून नाही, घासाघीस करायची असते म्हणून,” बायको मधेच म्हणाली. तिला आता सगळ्यांवरच राग काढायचा होता.

ग्रंथपालांनी काच वरून हाताने दाबायला सुरुवात केली. “गोंद ओलाच आहे. दाबली की बसेल परत.”

“हात काढा,” काचवाला म्हणाला. “एकदा सुटलेला गोंद दाबून धरला तर वरून चांगला दिसतो आणि आत पोकळी राहते. पहिल्या पावसात पाणी, आणि पहिल्या टकरीला काच बॉनेटवर. ही काढायची, सगळा गोंद खरवडायचा, नवा भरायचा. काच शाबूत आहे, तिचे पैसे नाहीत. कामाचे आणि गोंदाचे तीन हजार. आणि उद्या संध्याकाळी सहापर्यंत कुणी या गाडीकडे बघायचंसुद्धा नाही.”

साडू वखारीचं गिऱ्हाईक मुलीवर सोपवून राहिले. रविवारी तर ते स्टूल टाकून गाडीसमोरच बसले आणि जवळ येणाऱ्याला बोट दाखवून लांब ठेवू लागले. सहाला काचवाल्याने नळी लावून काचेवर पाणी सोडलं. आतून बोट फिरवलं, कोरडं आलं. साडूंनीही फिरवलं.

“असा जोड माझे सुतारसुद्धा देत नाहीत,” ते म्हणाले आणि त्यांनी पिशवी उघडून एक लाख साठ हजार मोजले. एक रुपया कमी नाही. चांगल्या कामापुढे त्यांच्यातला व्यापारी नेहमीच ढेपाळायचा.

“एकूण किती?” सासूबाईंनी काचवाल्याला विचारलं.

“आधीचे सात हजार सातशे आणि कालचे तीन. दहा हजार सातशे.”

त्यांनी पर्स उघडली. ग्रंथपाल “अहो, तुम्ही कशाला” एवढंच म्हणाले, आणि तेही नोटा मोजून झाल्यावर.

“दार मी आपटलंय,” सासूबाई म्हणाल्या. काचवाल्याला पैसे देऊन त्या आत गेल्या आणि दहा मिनिटांनी एक भरलेली बॅग घेऊन बाहेर आल्या. बॅग मागच्या सीटवर ठेवून त्या पुढे बसल्या. दार त्यांनी हलकेच ओढलं. ते काही लागलं नाही. “थोरले, तुम्ही लावा. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही.”

“आई, कुठे निघालीस?”

“गाडी तिकडे, म्हणजे मीही तिकडे. इथे मला चष्म्याच्या दुकानात कोण नेणार, बस? शिवाय आता पुढची काच माझी आहे. तिच्यामागे बसून बघायचा हक्क आहे मला.”

साडूंनी व्यवहारात आणखी काही येतंय का म्हणून घराच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि गाडी हळूच बाहेर काढली. ग्रंथपाल कोपऱ्यापर्यंत हात हलवत होते. पूर्ण भाव मिळाला, काचेला पदरचा पैसा गेला नाही, आणि पेपर सकाळी पहिल्यांदा आपल्या हाती येणार. इतका स्वच्छ व्यवहार त्यांच्या आयुष्यात झाला नव्हता.

सात तारखेला बायकोने त्यांच्यासमोर दोन कागद ठेवले. विजेचं बिल एकोणीसशे, दुधाचं सतराशे.

“हे माझ्याकडे का?”

“मग कुणाकडे? आई भरायची, पेन्शनमधून.”

“कधीपासून?”

“राहायला आली तेव्हापासून. आठ वर्षं. तुम्हाला वाटलं कोण भरतं?”

ग्रंथपालांना वाटलं होतं की ती बायको भरते, आणि हे त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर आपल्याला भरावं लागेल अशी त्यांना भीती होती. त्यांनी साडूंकडे फोन लावला. साडूंनीच उचलला आणि त्यांचा सूर खूप दिवसांनी गोड होता.

“तुमची गाडी लाभली हो आम्हाला. वीजबिल, दूध, सगळं आपसूक भागतंय. त्यांना परत पाठवायचं म्हणता? छे, राहू द्या की. मजेत आहेत. आता चष्म्याच्या दुकानातच गेल्यात.”

तिसऱ्या महिन्याच्या सात तारखेला ग्रंथपालांनी बेरीज केली. तीन महिन्यांचे दहा हजार आठशे. काचेचे पैसे त्यांच्याकडून पुरते वसूल झाले होते, वर शंभर गेले होते, आणि चौथं बिल यायला तीस दिवस होते.