वामनभाऊंच्या दुपट्ट्याच्या गाठी

वामनभाऊंना काही काम सांगा, ते आधी खांद्यावरचा दुपट्टा ओढतात, त्याला गाठ मारतात आणि मगच 'हो' म्हणतात. नुसता नमस्कार केला तरी एखादी गाठ पडेल, अशी मला धास्ती असते.

बेसा वस्तीत ते माझे शेजारी. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. पंच्याहत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. "डोक्यावर भरवसा नाही राह्यला गा, दुपट्ट्यावर हाय," हे त्यांचं पालुपद. मधली गाठ बीपीच्या गोळीची, काठाजवळची लाईटच्या बिलाची, तिच्या शेजारची सावनेरच्या भाच्याच्या लग्नाची. काम झालं की गाठ सोडायची. आणखी एक खोड म्हणजे रोज बाजारातून कुणी न सांगितलेली वस्तू आणायची. कधी रिठे, कधी चाळणी. चाळण्या ठेवायला सूनबाईंना जागा उरलेली नाही.

परवा सूनबाईंनी गाठी सोडून तो दुपट्टा धुतला.

"दुपट्टा नाही वं, माझं डोकं धुतलं तू," म्हणत भाऊंनी दोरीवरून ओला दुपट्टा ओढला. घाईघाईनं ते त्याचा एक कोपरा शोधू लागले.

"ते गाठ नाही सुटली बाबा," सूनबाई म्हणाल्या. "लई घट्ट होती, तशीच धुतली."

कोपऱ्यातली गाठ बोटांना लागली, तसा भाऊंच्या जिवात जीव आला. मग त्यांनी सुटलेली एकेक गाठ, तिच्या कामाचं नाव घेत, जागच्या जागी पुन्हा मारली. एकही चुकली नाही. मी आ वासून पाहत राहिलो.

"भाऊ, तुमाले तं सारंच पाठ हाय. मग गाठी काहून मारता?"

"एकदा डोक्यानं दगा देल्ला गा." त्यांनी तो कोपरा पुढे केला. "हे तुह्या काकूनं मारली. मी बाजारात निघालो, तं म्हणे, येताना एवढं आणा. परत आलो, तवर ते गेली होती. काय आणाले सांगतलं, तेच आठवून नाही राह्यलं मले. म्हणून रोज एकेक आणून पाहतो."

या माणसाची इतकी वर्षं चेष्टा केली, त्या दिवशी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

संध्याकाळी भाऊ बाजारातून आले. पिशवीतून कपड्यांचे चिमटे काढून त्यांनी काकूंच्या फोटोपुढे ठेवले. लिलावाचा तो आवाज अगदी खाली आला.

"हेच होतं काय वं?"

मग कोपऱ्यातल्या गाठीवरून बोट फिरवलं आणि ती न सोडताच दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला.