नजीरभाईंच्या चिठ्ठ्या

नजीरभाईंनी त्यांच्या बायकोशी माझी ओळख करून दिली ती अशी: "ह्या पाटीलबाई. डिस्पॅच, तळमजला, पासवर्ड विसरतात."

ती "या, बसा" म्हणाली. तिला सवय होती. तिच्या साखरेच्या डब्यावर 'साखर, वरची फळी, पाहुण्यांची' असा कागद मी त्याच दिवशी पाहिला.

नजीरभाई रोह्यालगतच्या अष्टमी गावचे. बरीच वर्षं दुबईत काढून परतले आणि रोह्याला आमच्या कंपनीत कॉम्प्युटरांचा बंदोबस्त बघू लागले. बंदोबस्त हा त्यांचाच शब्द. कंपनीतला प्रत्येक कॉम्प्युटर त्यांच्या पडद्यावर एका ओळीत दिसतो. त्या ओळीपुढे ते मजला, खातं, काम असे शब्द चिकटवतात. त्याला टॅग म्हणतात, नजीरभाई चिठी म्हणतात. एक चिठ्ठी निवडून हुकूम सोडला, की ती असलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांना तो एकदम लागू होतो. कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "चिठी लावली काय?"

पेणला माझ्या भावाचा गणपतीचा कारखाना आहे. एकदा नजीरभाई तिथे डोकावले, आणि बिनचिठ्ठीच्या मूर्तींच्या रांगा बघून अस्वस्थच झाले. चहा गार झाला तरी उठले नाहीत. दुपारभर बसून प्रत्येक मूर्तीच्या पाटाला कागद लावला: 'रोहा, दीड फूट, डोळे बाकी.' भाऊ तेव्हा हसला. आता दर वर्षी स्वतःच कागद कापून ठेवतो.

मागच्या वर्षी मी एक मेल उघडला. ट्रान्सपोर्टवाल्याची पावती असेल असं वाटलं होतं. बघता बघता एकेक फाईल उघडेनाशी झाली. मी नजीरभाईंना फोन केला तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. 'तळमजला' ही चिठ्ठी निवडून अख्खा मजला नेटवर्कवरून तोडला. वरचे मजले वाचले, आमच्या फायली त्यांनी ठेवलेल्या प्रतींवरून दोन दिवसांत परत आल्या.

मॅनेजरसाहेबांना मात्र मेमो द्यायला नाव हवं होतं. नजीरभाई शांतपणे म्हणाले, "चिठीत जागा असते, साहेब. माणूस नसतो." मी तिथेच उभी होते.

वर्षातून एकदा ते प्रत्येक खात्याकडून आपल्या चिठ्ठ्या तपासून घेतात. यंदा डिस्पॅचतर्फे मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या कॉम्प्युटरच्या ओळीत तळमजला होतं, डिस्पॅच होतं, आणि शेवटी 'सावकाश'. ही चिठ्ठी आणखी तिघांनाच होती. त्यातले एक स्टोअरचे म्हात्रे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात नीट चालत नाही.

हे काय, म्हणून मी विचारलं.  नजीरभाईंनी माऊस हलवत सांगितलं, की या कॉम्प्युटरांना अपडेटचा हुकूम वरून जात नाही. पडदा आपोआप काळा झाला की माणूस घाबरतो, म्हणून तिथे ते स्वतः जाऊन बसतात. महिन्यातून एकदा ते माझ्या टेबलाशी येऊन बसत. मला वाटायचं, त्यांना गप्पांची हौस आहे.

माझं यंत्र तर नवीन आहे, असं मी म्हटलं.

"यंत्राचं नाय ते," ते म्हणाले. "त्या दिवशी फोनवर तुमचा आवाज कापत व्हता." मग पडद्याकडेच बघत विचारलं, "आता काढू काय?"

मी राहू द्या म्हटलं आणि यादीवर सही केली.