संचालक कॉलनीची गरिबी

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण बीडच्या वेशीवरची संचालक कॉलनी एका दुष्काळात जिल्ह्यातली सगळ्यात गरीब वस्ती ठरली होती. साखर कारखान्याचे संचालक, बँकेचे संचालक, दूध संघाचे संचालक आणि संचालक व्हायला टपलेले, कंत्राटं घेणारे गुत्तेदार राहतात ना, तीच!

झालं असं, की कॉलनीचे चेअरमन माणिकराव यांच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं आणि बोअर आटले. टँकरचं पाणी माणशी मिळायचं. बंगला दुमजली, माणसं तीन. तेवढ्यात वऱ्हाडाचे पायसुद्धा धुऊन झाले नसते. अशात कुणकुण लागली की गहिनीनाथ नावाचा सरकारी माणूस घरोघरी पाहणीला येतोय. घरात माणसं किती, उत्पन्न किती.

"टँकरचीच पाहणी ती," माणिकरावांनी कॉलनीला बजावलं. "डोकी वाढवा, उत्पन्न पाडा!"

लिंबागणेशहून पाहुण्यांची ट्रॉली भरून आली. ट्रॉली एक, बंगले पुष्कळ. म्हणून एका घरी मोजून झालेली माणसं मागच्या दारानं पुढच्या घरी जाऊ लागली.

"उत्पन्न?" गहिनीनाथनं माणिकरावांना विचारलं.

"कशाचं आलंय? दुष्काळ हाय."

"दारात दोन जीपा दिसतात."

"एक बंद पडती, दुसरी तिला ढकलायला ठेवलीय."

शेजारी भारत गुत्तेदाराच्या दिवाणखान्यात गहिनीनाथ थबकला. "ह्या आजीला मी आत्ताच चेअरमनच्या घरी बघितलं की."

"ती थोरली. ही तिची जुळी."

पुढच्या घरी तिळी निघाली. त्याच्या पुढच्या घरी कुणी काही विचारायच्या आत आजीच, म्हणजे केसरबाई, हात जोडून म्हणाली, "च्या नको रं बाबा, समद्या घरी झाला. आता कोनाची आई व्हायचंय तेवढं सांग, मंजी बसते."

गहिनीनाथनं सांगतील तसं लिहिलं आणि गेला.

चौथ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर ट्रक आला. माणिकराव धावले, "टाकी आली रे!" ट्रकमधून उतरली कुदळी, फावडी आणि टोपली. पाहणी टँकरची नव्हतीच. रोजगार हमीचं काम कुठं काढायचं, त्याची होती. एवढी माणसं आणि एवढं तोकडं उत्पन्न अख्ख्या जिल्ह्यात दुसरीकडं नव्हतं.

"कॉलनीमागं पाझर तलाव मंजूर झालाय," गहिनीनाथ अदबीनं म्हणाला. "टँकर आता कामावरच उभा राहील. खोदील त्याला पाणी."

"साहेब, आमी काय तसले गरीब न्हाईत हो!"

"जीप ढकलायला जीप लागती, याहून गरिबी काय असती?"

लग्न तोंडावर आलेलं. माणिकरावांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, नवऱ्यापुढं टोपलं आदळलं. "उचला! लई हुशारी केलती ना? उद्या व्याह्याला पाण्याच्या जागी काय, तुमचं भाषण पाजू?"

मग सफारीतले संचालक ओळीनं खड्ड्यात उतरले. माणिकरावांनी कुदळ हाणली, दुसरी हाणली, आणि तिसरीला जमिनीतून असा पाण्याचा फवारा उसळला की थेट मांजरसुंब्याच्या धाब्यावरच्या बाजा भिजल्या! वऱ्हाडानं अंघोळी केल्या, हत्तीच्या सोंडेएवढी धार अजून—

"अजून चालू हाय?" टँकरच्या रांगेत आमची ही गोष्ट ऐकत उभ्या असलेल्या मुक्ताबाईंनी काखेतली रिकामी घागर आमच्यापुढं ठेवली. "मंग उठा की. तेवढी भरून आना."