कॅसेट कापणारा धोंडूदादा

धोंडूदादा कॅसेट कापतो. होय, ब्लेडने! दहिवलीत भाड्याने व्हिडिओ देणारा हा माणूस नवाकोरा पिक्चर आणतो, स्क्रू काढतो, आतल्या फितीचे तीन तुकडे करतो आणि ते तीन रिकाम्या कॅसेटींत भरतो. ह्याला कुणी शहाणा म्हणेल?

"येडा तूच रं," तो म्हणतो. "पिक्चर एक, मागनारी घरं तीन. अख्खी कॅसेट एका घरात गुतली, की बाकीची उपाशी. तुकडा संपला की पुढल्या घरी. कुनाला ताटकळवायचं नाय."

तुकड्यांची ने-आण स्वतःच करतो, सायकलवरून. एकदा घाईत लग्नघरी शेवटचा तुकडा आधी लागला. खलनायक मेला आणि पुढच्या तुकड्यात दात काढत हजर! नवरीची आजी किंचाळली, "अगं बया, ह्याचं दहावं घातलं नाय वाटतं!"

इथवर मीही हसलो. मग त्याने आमची कॅसेट कापली.

एका फार्महाऊसवाल्याने तीन वाड्यांची विहीर कुंपणात घेतली होती. त्याविरुद्ध बायका जे बोलल्या, ते आम्ही संघटनेच्या पोरांनी चित्रित केलं होतं, ते त्या एकाच कॅसेटवर होतं. दुसऱ्या सकाळी कचेरीवर मोर्चा. त्याआधी तिन्ही वाड्यांनी ते पाहायलाच हवं होतं. दाखवायचं काम धोंडूदादाकडे दिलं. संध्याकाळी जाऊन बघतो, तर पठ्ठ्या ब्लेड पुसतोय!

"दादा, हा गुन्हा आहे! बायकांचा आवाज कापलात तुम्ही!"

"बोंबलू नको. एक तुकडा तू घे, चल."

जेवणवेळेच्या आत तिन्ही वाड्यांनी सगळं पाहिलं. शेवटच्या वाडीत तर बायका पदर खोचून उभ्याच राहिल्या: "उद्या आमी पुढं!"

परतताना मी विचारलं, "अख्खीच दाखवली असती तर काय बिघडलं असतं?"

"तिसरीपातूर मध्यरात झाली असती. ह्या वाडीला शेवट मिळाला नसता."

"मग काय झालं?"

तो सायकल ढकलत राहिला. "माजी आय मोळी इकून कर्जतच्या मैदानात पिक्चर बघायची. पन घर लांब, डोंगराखाली, कोंडाण्याच्या लेन्यांकडं. मध्यंतराला उठावं लागायचं. वाटंत म्हनायची, शेवट काय झाला असंल, सांग रं. मी बनवून सांगायचो. कुनी मरायचं नाय, समदी घरी यायची."

मी सायकलीला मागून हात लावला.

"आता समदे शेवट ठावं हायत," तो म्हणाला. "इचारनारं कुनी नाय."