दहावी कोंबडी

निवृत्त मास्तरांच्या ठिपकी नावाच्या कोंबडीला मंगळवारी सकाळी सलग सहा शिंका आल्या. मास्तरीणबाईंनी तिला उजेडात धरून पाहिलं. नाकपुडीशी चिकट पाणी, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, चोच उघडी, आणि छातीला कान लावला तर आत घरघर.

"हिला मी वेगळी ठेवते," बाई म्हणाल्या. "तुम्ही खुराड्यातला भुसा काढा. इतका ओला झालाय की वास नाकाला झोंबतो. आणि थंडी लागेल म्हणून जाळीवर ठोकलेला तो प्लास्टिकचा कागद आधी उपटा. हवाच नाही आत."

मास्तरांनी खराट्याऐवजी चपला शोधल्या. बत्तीस वर्षं हजेरीपटावर काढल्यामुळे जे कुठे नोंदलेलं नाही, ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसे.

"आधी दवाखान्यात नोंद करून येतो," ते म्हणाले.

बाईंचा ठिपकीवर फार जीव. पिल्लू असताना तिला मांजराच्या तोंडातून सोडवून त्यांनीच वाढवलं होतं. "जा, पण औषध घेऊनच या," त्या म्हणाल्या.

जनावरांच्या दवाखान्यात खिडकीमागे कारकून होता.

"किती कोंबड्या?"

"तीन. त्यातली एक आजारी."

"तीन कोंबड्यांना आजार होत नाही."

"अहो, घरघरतेय ती!"

"तसा होतो हो, पण धरत नाहीत. आमच्याकडे सुटी कोंबडी चालत नाही, थवा लागतो. थवा म्हणजे कमीत कमी दहा, एकाच कुंपणात. तुम्ही दहा करा. डॉक्टर येतील, मोजतील, औषधाची पेटी उघडतील."

कारकून स्वभावाने चांगला होता. त्याने अर्ज स्वतःच्या हाताने भरून दिला आणि 'दहा' हा आकडाही आधीच घालून ठेवला. मास्तरांना राग आला नाही. त्यांनी दहातून तीन वजा केले आणि ते शेजारच्या शिंप्याकडे गेले.

"मास्तर, माझ्या चारही ठणठणीत आहेत हो," शिंपी म्हणाला.

"म्हणून तर मागतोय! आजाऱ्यांना कशाला हलवू? फक्त मोजणीपुरत्या दे."

शिंप्याने मास्तरांच्या छडीखाली पाढे पाठ केले होते. पन्नाशीतही त्यांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. पोस्टमनने आपल्या तीन दिल्या, कारण शिंप्याने चार दिल्या होत्या.

बाईंनी कपाळावर हात मारला. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! एकीला बाजूला काढायचं, तर आणखी सात जणी गोळा केल्यात?"

"एकदा नोंद होऊ दे."

"मग निदान भुसा तरी बदला."

"डॉक्टर पाहीपर्यंत जागेत फेरफार नको," मास्तर म्हणाले.

डॉक्टर आठ दिवसांनी येणार होत्या. ठिपकीच्या खुराड्यातल्या दोघींनी आजार अंगात घेतलेलाच होता. तिसऱ्या दिवशी त्या शिंकू लागल्या, पाचव्या दिवशी शिंप्याच्या आणि सहाव्या दिवशी पोस्टमनच्या. इकडे स्वयंपाकघरात कोरड्या भुशाच्या टोपलीत ठिपकी सुधारत होती. तिने बाईंच्या तळहातावरचे दाणे टिपले, तेव्हा बाईंनी आनंदाने साऱ्या घराला हाक मारली. घरात मास्तर एकटेच होते.

डॉक्टर आल्या. तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी मोजलं.

"नऊच आहेत."

"दहावी आत टोपलीत आहे," बाई म्हणाल्या. "बरी होतेय."

"बाई, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. आजारी पक्षी वेगळाच ठेवायचा असतो. पण वेगळा ठेवलेला पक्षी थव्यात धरता येत नाही."

"मग?"

"मग तिला आत सोडा."

बाई टोपलीला मिठी मारून उभ्या राहिल्या. "औषध मिळेल, अगं," मास्तर म्हणाले. औषधाच्या आशेने बाईंनी टोपलीवरचे हात काढले. दहा भरल्या. डॉक्टरांनी एकेकीचं नाक, डोळे, घसा तपासला आणि कागद मिटला.

"दहाच्या दहा आजारी. म्हणजे ही आता साथ झाली. साथीत पेटी उघडायला वरून मंजुरी लागते. तोवर इथून एकही पक्षी हलवायचा नाही." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "भुसा बदला, तो कागद काढा, गर्दी कमी करा. पण हे मी बोललेले नाही."

"तुम्ही बोललाच नाहीत, तर आम्ही करायचं कसं?" मास्तरांनी प्रामाणिकपणे विचारलं.

ठिपकी त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे गेली. बाई रडल्या, मास्तरही रडले, आणि डोळे पुसून त्यांनी दवाखान्याला लेखी कळवलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पक्ष्यांची संख्या नऊ झाल्याने थवा उरला नव्हता, थवा नसल्याने साथ संपली होती. साथ इतक्या अल्पावधीत आटोक्यात आणल्याबद्दल मास्तरांचं अभिनंदन केलेलं होतं.

"पण औषध?" शिंप्याने विचारलं. मास्तर दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन आले. "एका कोंबडीनं अडलंय," ते म्हणाले.

बाईंनी मास्तर, शिंपी आणि पोस्टमन अशा तिघांसमोर तीन खराटे टाकले. "माझी ठिपकी गेली. या नऊ जणी अजून जिवंत आहेत. उपसा तो भुसा!"

शिंप्याची कंबर धरली होती. पोस्टमनला टपाल वाटायचं होतं. मास्तर म्हणाले, "दहावी मिळू दे, मग सगळं रीतसर करू." तिघे मिळून बाहेर पडले. बाईंनी एकटीनेच कागद उपटला आणि ओल्या भुशाची पाटी भरायला घेतली.

तिघे आता तुमच्याच गल्लीत आले आहेत. तुमच्या अंगणातली कोंबडी त्यांना कुंपणावरून दिसली आहे. तुम्ही हे सगळं वाचलेलं आहे, दवाखान्याला मनसोक्त हसलाही आहात. दार उघडून तुम्ही म्हणाल, "माझीला काही झालेलं नाही हो." मास्तर हात जोडून उभे राहतील, पोस्टमन ओळखीचं हसेल, शिंपी म्हणेल की सगळ्यांनी दिल्या. तुम्ही जरा घुटमळाल. मग वाईटपणा नको म्हणून आत वळाल आणि विचाराल, "पिशवीतून नेता, की टोपली देऊ?"