रागाचा तंबू

लहान मुलांना राग आवरायला शिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी सूनबाईला छातीठोकपणे सांगितलं. जन्मभर ग्रंथालयात कुजबुजत बोललेला माणूस मी. छाती ठोकायची सवय नाही, त्यामुळे लगेच ठसका लागला. पण शब्द गेला तो गेलाच!

सूनबाई दुसरीच्या वर्गाला शिकवते. तिची मुलं रागावली की चावतात. अशा मुलाला घटकाभर बसून शांत होता यावं म्हणून वर्गात एक कोपरा हवा, यासाठी तिने वर्षभर मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, मनधरणी केली होती.

"एक तास करून दाखवा," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. "गोंधळ झाला, तर त्या कोपऱ्यात झाडू आणि बादल्या ठेवीन!"

"बाबा, सगळं तुमच्यावर आहे हं," सूनबाई म्हणाली.

मी कोपऱ्यात चादरीचा तंबू उभारला. आत गुबगुबीत उशी ठेवली आणि, खोड जाते थोडीच, निवडक चित्रांची पुस्तकंही ठेवली!

"मुलांनो, राग येणं वाईट नाही," मी चाचरत सुरुवात केली. "राग आला की सांगायचं, आत बसायचं, सावकाश श्वास घ्यायचा. उतरला की बाहेर!"

तेवढ्यात दोन वेण्यांच्या एका मुलीची पेन्सिल कुणीतरी मोडली. ती फणफणत आत गेली आणि थोड्या वेळाने लाडू मिळाल्यासारखी हसत बाहेर आली. मी सूनबाईकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आत उशी आहे!" तिने वर्गाला सांगितलं. "आणि वाघाचं पुस्तक!"

झालं! सगळा वर्ग एकदम संतापला.

"आजोबा, मला राग आलाय!"

"कशाचा रे?"

"थांबा, आठवतो!"

मागच्या बाकावरचा एक पैलवान शेजाऱ्याला विनवत होता, "मार ना मला! नाहीतर मला राग येणार कसा?"

आत गेलेला बाहेर येईना, आणि तंबूपुढे ही लांब रांग! "झाला का शांत?" मी विचारलं.

"अजून थोडा उरलाय!" आतून उत्तर आलं. "वाघ नदीपाशी पोचलाय!"

"बाबा, थांबवा त्यांना!" सूनबाई मागून म्हणाली. पण मुलांना नाही म्हणण्याची हिंमत माझ्यात कुठून असणार? मला तर भाजीवालीलाही नाही म्हणता येत नाही!

इतक्यात एक चिमुरडी स्फुंदत आली. "मला रागच येत नाही!"

माझं काळीज विरघळलं. "अगं, मग तुला रडू आलंय ना? रडणाऱ्यांनाही आत जाता येईल!"

हे बोलायला नको होतं. क्षणात सगळ्या वर्गाने गळा काढला!

दार धाडकन उघडलं. मोठ्या बाई! चेहरा लालबुंद, नाकपुड्या फुललेल्या.

"हा काय तमाशा आहे?"

सगळ्यांनी घाईघाईने डोळे पुसले. सूनबाईने डोळे मिटून घेतले. मला डोळ्यांसमोर बादल्या दिसू लागल्या. तोच दोन वेण्या पुढे आल्या.

"मोठ्या बाई, तुम्ही आधी जा. तुमचा खरा आहे."

"काय खरा आहे?"

"राग! आमचे सगळे खोटे आहेत."

रांगेने आदराने वाट करून दिली. इतक्या डोळ्यांपुढे बाईंना मागे फिरता येईना. त्या वाकल्या आणि तंबूत शिरल्या!

आतून आधी एक लांब श्वास ऐकू आला, मग दुसरा. मग पान उलटल्याचा आवाज. तो आवाज मी झोपेतही ओळखीन! पाठोपाठ दाबलेलं हसू.

सूनबाईने भीत भीत विचारलं, "बाई, मग कोपऱ्याचं काय करायचं?"

"कोपरा राहील!" तंबूतून फर्मान आलं. "पण तुमच्या सासऱ्यांना पुन्हा आणू नका!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. सूनबाई तर नाचायचीच बाकी होती! मीही हसलो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मला थोडासा राग आलाच. अगदी खरा! पण करणार काय? बाई अजून आतच होत्या.